आश्रुबाची केळी आणि हिरवी बुरशी

चेअरमन अण्णांनी केळीचा उभा बुंधा कोयत्यानं आडवा तोडला आणि तुकडा माझ्या हातात दिला. आत पांढरं असायला हवं होतं, तिथं गोल रांगेत तांबूस-तपकिरी ठिपके होते.

"बघा मॅडम. आतून सडलंय. ह्याला पाणी कावून द्यायचं?"

अण्णा गावच्या पाणीवापर सोसायटीचे चेअरमन. त्या वर्षी माजलगाव धरणात पाणी नव्हतं म्हटलं तरी चाललं असतं. कालव्याच्या पाण्याची एखादी पाळी मिळेल, ती जगणाऱ्या पिकालाच द्यायची, असं सोसायटीनं ठरवलं होतं. त्यात चूक काही नव्हती. पण बाग आश्रुबाची होती आणि आश्रुबा बांधावर मान खाली घालून उभा होता.

आश्रुबा आणि त्याची बायको सोजरबाई लग्न झाल्यापासून ऊसतोडीला जात होते. वेलची जातीची केळी लावली, तेव्हा पहिल्यांदा दोघं हंगामभर गावात राहिले. बाग गेली तर पुन्हा कोयता आणि पुन्हा ट्रक. माझे आईवडील चकलांब्याहून असेच जायचे. त्यामुळे मला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या जैविक प्रयोगशाळेत होते. उसाच्या बेण्यासाठी आम्ही ट्रायकोडर्मा बनवायचो, म्हणून पिकाच्या रोगाचं कळत असेल असं समजून आश्रुबानं मला बोलावलं होतं. ट्रायकोडर्मा म्हणजे मातीत राहणारी उपकारी बुरशी. शिळ्या भाकरीवर येते तशी हिरवट दिसते, म्हणून पाकीट उघडलं की लोक नाक मुरडतात.

आश्रुबाच्या केळीला लागलेला मर रोगही बुरशीचाच. ती मुळातून शिरते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. झाड ओल्यात उभं राहून तहानेनं मरतं. पानं कडेनं पिवळी पडतात आणि देठात मोडून बुंध्याभोवती लोंबतात. दुष्काळात कुणालाही वाटेल की पाणी कमी पडलं. आश्रुबालाही तसंच वाटलं. त्यानं विहिरीत होतं तेवढं पाणीही पाटानं सोडलं आणि त्या पाण्याबरोबर रोग पुढच्या ओळीत गेला.

"औषध हाय का न्हाई, तेवढं सांगा," सोजरबाई म्हणाली.

"रोग लागलेल्या झाडाला नाही. न लागलेल्याला आहे." मग मी सांगितलं, की ही हिरवी बुरशी निरोगी झाडाच्या मुळाशी आधी जाऊन बसली, तर रोगाच्या बुरशीला जागा मिळत नाही.

"म्हंजी यष्टीत शिटावर रुमाल टाकल्यावानी," अण्णा म्हणाले.

पुढे नोकरीभर मी हे उदाहरण माझंच म्हणून वापरलं. अण्णांनी पाळी येईपर्यंत मुदत दिली.

आता अडचण अशी, की नुसतं पाकीट कोरड्या मातीत टाकलं तर बुरशी मरते. तिला आधी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, सावलीत ओल धरून वाढवावी लागते. मी आश्रुबाच्या उकिरड्यात खुरपं घातलं. केळीच्या बुंध्याचे तुकडे वर आले. शेजाऱ्याच्या उकिरड्यात तेच, आणि त्याच्या पलीकडेही तेच.

"आश्रुबा, उपटलेली झाडं कुठं टाकली होती?"

"टाकली न्हाईत. दुष्काळात हिरवं कुनी टाकतं का? समद्यांच्या जनावरांना वाटली."

माझं डोकं सणकलं. रोगट बुंधे गव्हाणीत गेले होते आणि जनावरांनी सोडलेली चघळ उकिरड्यात. रोगाची ही बुरशी केळीशिवाय कशाला धरत नाही, त्यामुळे बाकीच्यांच्या कपाशीला आणि गुरांना धोका नव्हता. पण केळीच्या मुळाशी टाकण्याजोगं खत गावात कुठंच उरलं नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात समोर अण्णांचा बैल दिसला. बरगड्या मोजून घ्याव्यात असा. सोजरबाईनं आणलेला बुंधा तो कचाकचा खात होता. घरची बाग मरत असताना या दोघांनी गावाची जनावरं जगवली होती, त्यांना काय बोलणार?

मग आठवला प्रेसमड. उसाचा रस गाळल्यावर कारखान्यात जो काळा गाळ उरतो तो. कुजलेल्या प्रेसमडमध्ये ट्रायकोडर्मा झकास वाढतो. मी आमचे शेतकी अधिकारी काळे साहेब यांच्याकडे गेले.

"साहेब, एक ट्रॉली प्रेसमड पाहिजे. आश्रुबासाठी."

"सभासद आहे?"

"नाही."

"ऊस घातला?"

"एक कांडंही नाही. केळी आहे."

"मॅडम, केळीची साखर काढायला लागलो की या," साहेब म्हणाले. पण बोलता बोलता खिडकीबाहेरच्या ढिगाकडे बघत पुढे म्हणाले, "प्रेसमड ऊस घातलेल्या सभासदाला मिळतो. सभासदानं तो कुठल्या रानात टाकावा, हे मात्र नियमात लिहिलेलं नाही."

संध्याकाळी सोसायटीच्या ओट्यावर माणसं जमली होती. मी सगळं सांगितलं. उकिरड्याचं सांगताना आवाज सांभाळला, तरी आश्रुबाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"म्हंजी मीच गावभर रोग वाटला की ओ अण्णा."

"गप बे," अण्णा म्हणाले. "माझी बैलं उभी हायती ती तुझ्या केळीवर." मग माझ्याकडे वळले. "मॅडम, माझ्या नावावर उचला ट्रॉली."

"कमी पडली तर माझी हाय," मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी एक जण. माझे डोळे भरून आले. ऑफिसात असं झालं असतं तर मी शिंकेचं निमित्त केलं असतं, तिथं केलं नाही.

ट्रॉली आश्रुबाच्या गोठ्याच्या सावलीत रिकामी झाली. प्रेसमडमध्ये पाकिटं मिसळली, वर ओली पोती टाकली. ओल टिकवायला पाणी कुठून आणायचं? गावाला प्यायलाच टँकर होता. सोजरबाईनं शेजारणींना सांगितलं आणि डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घराघरातून येऊ लागलं. साबणाचं चालणार नाही, एवढं मी बजावलं होतं. एक आजी तर रोज तांब्या घेऊन यायच्या आणि पोतं उचलून विचारायच्या, "उगवली का गं तुझी बुरशी?" एका सकाळी ढिगावर हिरवी झाक दिसली. प्रयोगशाळेत ती मी रोज बघत होते, पण इतका आनंद कधी झाला नव्हता.

रोगट झाडं कंदासकट खणून बागेतच जाळली. या वेळी जनावरांना एक तुकडाही दिला नाही. निरोगी झाडांना आळं करून मूठमूठ प्रेसमड घातला. पाळी आली तेव्हा अण्णा स्वतः बागेत फिरले. काही झाडं तोवर नव्यानं पिवळी पडली होती. ती त्यांनी एकेक करून मोजली.

"पिवळी काढा. हिरव्यांना पाणी द्या," ते शेवटी म्हणाले. "पर पाटानं न्हाई. पायपानं, एकेका झाडाला."

बाग पूर्ण वाचली असं मी म्हणणार नाही. पुढेही अधूनमधून झाड जायचं. पण बरीचशी झाडं टिकली आणि घड धरले. आश्रुबा भेटला की हात जोडायचा. मी म्हणायचे, अण्णांना जोड, काळे साहेबांना जोड, त्या तांब्यावाल्या आजींना जोड. बुरशी मी दिली होती. तिला जगवलं गावानं, आणि त्याबद्दल मी आजही त्या गावाची ऋणी आहे. धंद्यातली शिकवण एवढीच, की पाकिटावर "ओल ठेवा" असं छापणं सोपं असतं. ओल कुठून येणार, ते आधी विचारावं.

हंगाम सुरू झाला, तेव्हा कामानिमित्त मी गावात गेले होते. ऊसतोडीचा ट्रक वेशीत उभा होता. भांडी, कोंबड्या, पत्रे, लेकरं वर चढत होती. आश्रुबा खालून एकेकाची गाठोडी वर देत होता. सोजरबाई प्रत्येक घराला वाटेत खायला केळीची एकेक फणी देत होती. मुकादमानं हाक मारली आणि ट्रक हलला. धूळ खाली बसली तेव्हा ती दोघं मागे वेशीतच उभी होती.