डेकवरचा आवाज

नौदलातून सुटून रावेतच्या फ्लॅटवर कायमचा राहायला आलो, तेव्हा सोसायटीनं शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला. लढाईच्या दिवसांत हा माणूस विमानवाहू जहाजावर होता, एवढं त्यांना पुरेसं होतं. चेअरमननी माझ्या हातात माइक देत विचारलं, "किती बॉम्ब टाकले, सांगा ना राव!"

मी एकही टाकला नव्हता. माझं काम विमान डेकला साखळ्यांनी बांधायचं आणि चाकांना ठोकळे लावायचं. उडायची वेळ झाली की वाकून विमानाखाली शिरायचं, ठोकळे ओढून काढायचे आणि बाजूला पळायचं. हे सांगितलं असतं तर मंडळी हिरमुसली असती. म्हणून नुसतं "जय हिंद" म्हणालो आणि खाली बसलो. घरी आल्यावर बायको म्हणाली, "केवढ्यानं ओरडलात! माइक होता ना हातात?"

माझं चित्त सत्कारात नव्हतंच. ते मुलीत अडकलं होतं. शेवटच्या सुट्टीत ती आई, बाबा आणि भूभू एवढंच म्हणायची. आता तीन वर्षांची झाली होती आणि माझ्याशी बोलत नव्हती. हॉलमध्ये मान खाली घालून चित्रं रंगवत बसायची. गाडीत मागच्या सीटवर गप्प. चॉकलेट आणलं, बागेत नेलं, वाकून विचारलं, "काय हवंय तुला?" तर अंग चोरून आईच्या मागे जायची.

"अहो, दिवसभर टकळी चालू असते तिची," बायको म्हणायची.

"माझ्यासमोर तर मिठाची गुळणी धरून बसते."

"तुम्ही ओरडू नका ना मग."

मी कुठे ओरडत होतो? डोकं फिरायचं माझं. मनातल्या मनात मी सगळा दोष त्या लढाईला देऊन टाकला होता.

लढाईचा हुकूम आला तसे आमचे मोबाइल जमा झाले आणि जहाज उत्तरेकडे निघालं. पुढे काय होणार, हे आम्हा खालच्यांना कुणी सांगत नव्हतं. पंखांखाली बॉम्ब लावलेली विमानं जायची आणि परत यायची, आणि मधल्या वेळात आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी आडवे व्हायचो. भीती वाटायची, खरं सांगतो. क्षेपणास्त्राची वाटायची, आणि चालू इंजिनाखाली शिरताना तर रोज वाटायची. तो आवाज कानांनी ऐकायचा नसतोच, तो बरगड्यांत बसतो. कानात स्पंजाचे बोळे आणि वरून कानटोप असायचे, पण घामानं बोळे सरकायचे आणि दोन्ही हातांत ठोकळे. नीट बसवायला सवड कुणाला? डेकवर सगळं बोलणं हातांच्या खुणांनी. खाली जेवायला बसलो की सगळे एकमेकांवर ओरडायचे, "काय? काय म्हणालास?" आणि त्यावर हसायचो. कानात शिट्टी वाजत राहायची. ती सगळ्यांच्याच वाजायची, म्हणून तिचं कुणाला काही वाटलं नाही.

त्या दिवसांत एकच गोष्ट मनाला लागून होती. मुलगी बोलायला शिकत होती आणि मी ते ऐकायला नव्हतो.

घरी आल्यावरही ऐकायला मिळेना, तेव्हा माझा तोल गेला. "तूच तिला माझ्याविरुद्ध शिकवून ठेवलंयस," असं मी बायकोला बोलून गेलो. ती रडली. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत.

मग चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सची नोकरी ठरली आणि मेडिकलसाठी तिथल्याच निघोजे गावाजवळच्या दवाखान्यात जावं लागलं. रक्त झालं, डोळे झाले, शेवटी कान. एका छोट्या खोलीत हेडफोन लावून बसवलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, कितीही हळू असला तरी. आधी जाड आवाज आले, मी दाबत गेलो. मग शांतता. अंगठा बटणावर ठेवून मी वाट पाहत बसलो. तपासणाऱ्यानं दार उघडलं.

"झालं, भाऊ."

"बारीक आवाज लावायचे राहिले की."

"लावले भाऊ. दोन्ही कानांना लावले. शेवटी तर पार मोठे करून लावले." मग खुर्ची जवळ ओढून त्यानं विचारलं, "घरात लहान मूल आहे का? त्याचं बोलणं येतं का ऐकू?"

परतताना चाकणच्या चौकात नेहमीसारखा अडकलो. तिथला एकूण एक ट्रक मला व्यवस्थित ऐकू येत होता.

घरी मुलगी हॉलमध्ये रंगवत बसली होती, मान खाली. मी तिच्यासमोर पालथा पडलो आणि खालून तिचा चेहरा पाहिला. तिचे ओठ हलत होते. सारखे हलत होते. हिरव्या खडूशी, हत्तीशी, स्वतःशी काय काय बोलत होती. मला पाहिल्यावर ती थांबली. मग माझ्याकडे बघून तिनं काहीतरी विचारलं.

मी बायकोला हाक मारली. "काय म्हणाली ती?"

"अहो, एवढं तोंडासमोर..." आणि तिनं माझा चेहरा पाहिला. तीही खाली बसली. "रोजचंच. बाबा अजून रागावलाय का, विचारतेय."

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. पण आवाज केवढा निघेल याचा भरवसा वाटेना, म्हणून नुसती 'नाही' अशी मान हलवली.