सोमाचा पाल्याचा मांडव

मांजर्लीच्या सोमाला जगात दोन गोष्टी खपत नसत, एक उकडलेलं वांगं आणि दुसरं थर्माकोल. वांग्याचं कारण त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. थर्माकोलचं मात्र साऱ्या आळीला ठाऊक होतं.

चौऱ्याण्णवच्या पावसात उल्हास नदी चढली आणि आळीमागचा नाला तुंबून उलटा घरात शिरला. त्या उन्हाळ्यात आळीत तीन लग्नं उठली होती. त्यांची ताटं, प्लास्टिकचे गिलास, सगळं त्याच नाल्याच्या पोटात. सोमा खाटेवर पाय वर घेऊन बसला होता, तर दारातून थर्माकोलचा 'शुभ' पोहत आला. 'विवाह' काही आला नाही, तो नाल्यातच अडकला असावा.

"रखमे," सोमा बायकोला बोलला, "आपले बकुलेच्या लग्नान ह्याचा एक कपटा जरी आला, त मी सोमा नाय."

"सोमा नस नायतर गोमा अस," गुडघाभर पाण्यातली रखमा बोलली. "आधी पाय खाली घे न मना बादली दे."

सोमा अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात फिटर होता. टाकून देणं त्याच्या रक्तातच नव्हतं. सदरा फाटला की त्याचं फडकं, फडकं विरलं की दिव्याची वात. कारखान्यात त्याला 'भंगार' म्हणून हाक मारत, आणि हा खुशाल ओ देई. पण बोललेला शब्दही तो असाच जपून ठेवायचा, हे रखमेचं दुखणं.

पुढच्या वर्षी लेकीचं, बकुळेचं, जमलं विठ्ठलवाडीच्या गुरुदत्तशी. मुलगा बस डेपोत मेकॅनिक, निर्व्यसनी, मान खाली घालून बोलणारा. खोट एकच. त्याच्या बापाचं, शिवरामचं, उल्हासनगरात मंडप-डेकोरेशनचं दुकान होतं. एका सिंधी शेठकडे उमेदवारी करून शिवरामनं स्वतःचं दुकान थाटलं होतं, आणि थर्माकोलचे हंस कापण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

सुपारी फोडायच्या बैठकीत तो होणाऱ्या व्याह्याला, सोमाला, मांडी ठोकून बोलला, "याही, मंडपाचं टेन्शनच घेऊ नका. गेटवर दोन हंस, मागे राजवाडा, एकदम फस्क्लास. चार गिऱ्हाईकं बघतील, माझाबी धंदा होईल."

"नको," सोमा बोलला.

"अहो, फ्री मे देतोय."

"फुकटचा पन नको. पानी चढला का तुमचे हंस आमचे घरान येतात."

रखमेनं मागून चिमटा काढला. शिवरामची बायको गोदू चहा पीत होती, तिनं कप अर्ध्यावर खाली ठेवला. आमच्याकडे विहिणीनं अर्धा चहा ठेवला म्हणजे सोयरीक अर्धी मोडली असं धरतात.

सोमानं घाम पुसला आणि जुना रिवाज काढला. "मांडव पोरीवाल्याचा, वरात पोरावाल्याची. बापजाद्यांनी ठरवलेला हाय. तुमचे वरातीन तुम्ही थर्माकोलचा हत्ती आना. माझे दारान पाला लागंल."

रिवाजापुढे शिवरामचं काही चालेना. पण तोही धंदेवाला. "ठीक हाय," तो बोलला. "पण माझ्या एका पावण्याला जरी तरास झाला, त माझी प्लास्टिकची ताडपत्री वर चढंल. टेम्पोत घालूनच आणतो."

गोदूनं उरलेला चहा पिऊन टाकला.

मग सोमाच्या अंगात वारं शिरलं. पत्रिका छापायच्या नाहीत, आमंत्रणं तोंडी. त्यामुळे शिरगावचे पाहुणे आदल्या दिवशीच आले, जेवले आणि लग्न साधं पण छान झालं असं सांगून गेले. पत्रावळी पळसाच्या. त्या सोमाची बहीण भिमाबाई टोचत बसली, आणि भावाच्या नावानं बोटंही मोडत बसली. पाण्याला आळीभरचे पितळी पेले गोळा झाले. प्रत्येकावर दुसऱ्याच कुणाचं नाव.

मांडवाला जांभळीची डहाळी लावायची रीत. रीतीपुरत्या दोन-चार पुरतात. सोमानं बैलगाडी भरून जांभूळ आणि आंबा आणला. आंब्याच्या फांद्यांत पानांचे गोल गुच्छ होते, कुणी पान पानाला शिवल्यासारखे. सोमाला वाटलं, देवानंच तोरण बांधून धाडलं. ते गुच्छ त्यानं निवडून निवडून ऐन बोहल्याच्या वर बांधले. ते काय असतं हे गावचं शेंबडं पोरही सांगेल. सोमाही गावचाच, पण वीस वर्षं रंगाच्या वासात काढली की डोळ्यांवरही पुटं चढतात.

लग्नाच्या दुपारी ऊन तापलं, चुलाणाचा धूर मांडवात शिरला, आणि गुच्छांतल्या तांबड्या मुंग्या घरदार सोडून खाली निघाल्या.

पहिली शिवरामच्या मानेवर उतरली. तो सफारी सूट घालून ऐटीत उभा होता, तो जागच्या जागी नाचू लागला. वऱ्हाडाला वाटलं, व्याही खुशीत आहे. मग भटजी एक कडवं म्हणत नि एकदा शेंडी झटकत. अंतरपाट धरलेले दोन्ही मामा अंतरपाटानंच पाठ खाजवू लागले.

"बस झाला," शिवराम ओरडला. "ताडपत्री काढा रे."

निळी ताडपत्री टेम्पोतून सरसरत उतरली. सोमा हात पसरून आडवा झाला. "याही, ही वर गेली त मी उठून जाईन."

"नवरीचा बाप उठून जातो? कुठं?"

"माझा दार हाय, मी कुठंबी जाईन."

"बाबा, मामा," बोहल्यावरून गुरुदत्त कॉलर झटकत बापाला नि सासऱ्याला बोलला, "काय टाकायचं ते टाका, पण लौकर टाका."

रखमा घरात गेली आणि ट्रंकेतली सगळी लुगडी छातीशी धरून आली. "हे बांधा वरती. मुंग्या लुगड्यान पडतील. न तू, हात खाली घे, बुजगावण्यावानी दिसतंस."

मग आळीतल्या बायकाही लुगडी आणायला धावल्या. गोदूनं तर सकाळी मानपानात मिळालेलं लुगडं पिशवीतून काढून दिलं. त्याचा रंग तिला सकाळपासून खुपत होता.

सोमानं नि दोन मामांनी लुगडी बांधली, ती म्हशीच्या कासेसारखी लोंबू लागली. शिवराम ताडपत्रीवर बसून मान चोळत बघत राहिला. बघता बघता त्याचे हात वळवळू लागले, आणि त्या मुंग्या नव्हत्या.

"अरे साईं, याला काय बांधणं बोलतात?" तो उठलाच. "झोल बघ केवढा. सरक." सफारीचा कोट फेकला, तोंडात टाचण्या धरल्या आणि शिडीवर चढला. हिरव्याला पिवळं, पिवळ्याला जांभळं, अशा चुण्या पाडत त्यानं मांडव असा ओढून घेतला, की गोदूलाच आपलं लुगडं परत मागावंसं वाटलं. ताडपत्रीवर आता आजोबा मंडळी टेकली होती. सोमानं त्यांना हाताला धरून उठवलं आणि तिची घडी टेम्पोत नेऊन टाकली.

तेवढ्यात भटजींनी शेवटचं 'सावधान' म्हटलं. मुहूर्त काही नवऱ्याच्या बापासाठी थांबत नाही. सोमानं मूठभर अक्षता वर दिल्या आणि शिडी घट्ट धरली. शिवराम एका हातानं अक्षता टाकत होता, दुसऱ्यानं मांडी चोळत होता.

"याही, हलू नका," सोमा खालून बोलला.

"मी नाय हलत," टाचण्या धरलेल्या दातांतून शिवराम बोलला, "सफारीत जी शिरलीय, ती हलतेय."