काळ्या काचेचा फ्रिज

"मॅडम, बाहेरून आतलं काही दिसणार नाही, असा मिळेल का?"

मी चष्म्यावरून प्रसादकडे पाहिलं. मी रेफ्रिजरेशन इंजिनिअर. कंपनीतून निवृत्त झाल्यावर लोकांना फ्रिज, एसी निवडायला मदत करते. वाइनचा फ्रिज घेणारी माणसं मला चांगली ठाऊक आहेत. त्यांना तो हॉलमध्ये, दिवा लावून, पाहुण्यांच्या नजरेसमोर हवा असतो. ह्या गृहस्थाला काळी काच हवी, कुलूप हवं आणि आवाज अजिबात नको.

"लपवायचाय कुणापासून?"

"लपवायचं काय त्यात? प्रायव्हसी असते ना."

आयटीतली नोकरी, पुण्याजवळ मांजरी गावात स्वतःचा बंगला, आणि ह्याला घरात प्रायव्हसी कसली हवी? संशय आला. पण मी मशीन निवडून देते, माणसं नाही. मग मशीनचं सांगितलं. वाइनच्या फ्रिजचे दोन प्रकार. एकात घरच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. तो जरा घुरघुरतो, पण उन्हाळ्यातही गारवा टिकवतो. दुसरा थर्मोइलेक्ट्रिक. त्याला आवाज जवळजवळ नाही, पण तो खोलीपेक्षा ठरावीक अंशच थंड होतो. खोली तापली की तोही तापणार.

"पुण्यात कॉम्प्रेसरवालाच घ्या."

"आवाज येईल ना पण?"

"फ्रिज आहे. येणारच."

पठ्ठ्याने दुसराच घेतला.

मे महिन्यात त्याचा फोन आला. "मॅडम, तुम्ही सुचवलेला फ्रिज गारच होत नाही."

"मी तो सुचवला नव्हता."

"ते जाऊ द्या हो. एकदा येऊन जा. घरात फार टेन्शन आहे."

वाइन कोमट झाली म्हणून घरभर टेन्शन? मला काही हे पटेना. गेले.

हॉलमध्ये प्रसादचे वडील, नाना, बसले होते. जन्मभर ऊस पिकवलेला माणूस. मला पाहताच म्हणाले, "ह्याच का फ्रिजवाल्या बाई? फ्रिज खोटा हाय तुमचा. पोरगा औषधाचा डबा हातात देतो, त्यो कधी गार लागत न्हाय."

औषध? मी प्रसादकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

"फ्रिजचं काही नाही हो," सूनबाई म्हणाल्या. "नानांची शुगर काही केल्या उतरत नाही. चोरून गोड खातात, दुसरं काय? मी गूळसुद्धा कुलपात ठेवलाय."

"बिनसाखरेचा च्या पितो, तरी चोर मीच," नाना म्हणाले.

फ्रिज वरच्या स्टोअररूममध्ये होता. खिडकी बंद, पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापलेली. प्रसादने कुलूप काढलं. मी आत थर्मामीटर ठेवला. थोड्या वेळाने पाहिलं तर सव्वीस अंश! वरच्या कप्प्यात इन्शुलिनचे डबे रचलेले. खालच्या कप्प्यांत पेपरात गुंडाळून काहीतरी आडवं ठेवलेलं.

"घरात नानांच्या औषधासाठी आणलाय असं सांगितलंय," प्रसाद कुजबुजला. "आमच्याकडे दारू चालत नाही."

"आणि म्हणून खरंच औषध ठेवलंत ह्यात?"

"नाहीतर त्यांना संशय आला असता ना."

माझं डोकं फिरलं. हा फ्रिज ठणठणीत चालला असता तरी वाइनसाठी तो बारा-चौदा अंशांवर असतो. इन्शुलिनचा न उघडलेला साठा दोन ते आठ अंशांत ठेवतात. डब्यावरच छापलेलं असतं ते. इथे तर अख्खा उन्हाळा तो शिजत होता.

तेवढ्यात नाना धापा टाकत वर आले, मागे सूनबाई. "काय निघालं?"

प्रसादने मला मानेने नको नको म्हटलं.

"नाना, हा औषधाचा फ्रिजच नाही," मी म्हटलं. "ह्यातलं इन्शुलिन आता वापरू नका. आजच डॉक्टरांना फोन करा, नवीन आणा आणि स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ठेवा. शुगर ह्यामुळेच चढली का, ते डॉक्टर सांगतील."

सूनबाईंनी कमरेची गुळाच्या कपाटाची किल्ली हळूच मुठीत घेतली.

"नाना, ते खालचं म्हणजे..." प्रसादने सुरुवात केली.

"बाटल्या हायत. ठावं हाय मला. माझ्या घरात नवं कुलूप आलं, आन् किल्ली कुठं ठेवतोस ते मला कळायचं न्हाय?" नानांचा आवाज चढला नव्हता. "म्हटलं, बापाच्या औषधासाठी एवढा महागाचा फ्रिज आणलाय, त्यात दोन बाटल्या ठेवल्या तर बिघडलं कुठं? गप बसलो. बाटल्यांसाठी फ्रिज आणलाय आन् माझं औषध नुसतं दाखवायला ठेवलंय, हे न्हवतं ठावं."

ते पाठमोरे झाले आणि कठडा धरून खाली उतरले. मला फार वाईट वाटलं. थर्मामीटर पुसून बॅगेत ठेवण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

नवीन इन्शुलिन सुरू झाल्यावर नानांची शुगर उतरली. प्रसादने नंतर वाइनसाठी कॉम्प्रेसरवाला फ्रिज घेतला. तो आता हॉलमध्ये उघड्यावर घुरघुरतो आणि नानांना टीव्ही मोठा लावावा लागतो. त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. पण औषध ते आता प्रसादच्या हातून घेत नाहीत. स्वतः उठतात, स्वयंपाकघरात जातात, डबा हाताला गार लागतो का पाहतात.

वाइनचा फ्रिज निवडायला कुणी आलं की जागेचं माप मी आता नंतर विचारते. घरी काय सांगून नेणार आहात, ते आधी.