शिट्टीची दोरी

कतारमध्ये फुटबॉल विश्वचषकाची स्टेडियमं उभी राहत होती त्या वर्षांत, रास लफानला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी कुर्डुवाडीचा एक फिटर बसायचा. नाव कधी विचारलं नाही. मांडीवर पितळी पत्र्याचे तुकडे कानशीनं घासत त्यानं तीन वर्षांत नॅरोगेजचं वीतभर इंजिन घडवलं. वडील तसल्याच इंजिनावर ड्रायव्हर होते. आता त्यांना दिसत नव्हतं.

ते वडिलांना द्यायला घेऊन तो सुट्टीवर गेला. परतला, तर इंजिन पुन्हा मांडीवर.

“वडिलांना आवडलं नाही?” मी विचारलं.

“बोटांनी सगळं चाचपलं त्यांनी. म्हणाले, शिट्टीची दोरी उजवीकडं पाहिजे, तू डावीकडं लावलीस.”

दोरी हलवायला अख्खी केबिन उकलावी लागणार होती. तरी त्याचा चेहरा खुललेला होता.

“पण साहेब, मी काही बोलायच्या आधीच त्यांनी आपल्या जुन्या इंजिनाचा नंबर सांगितला.”