पाणवठ्यावरची चौथी बाई

रविवारची दुपार आहे. जेवण अंमळ जास्तच झालंय आणि श्रीनिवास इंगवले आतल्या खोलीत कॉटवर आडवे झालेत. छातीवर संध्याकाळच्या भाषणाची टिपणं पालथी पडलीत. स्वयंपाकघरात त्यांची बायको कमल भांडी लावतेय. एकेका भांड्याचा आवाज लांब लांब जात चाललाय. झोप येईल असं वाटतं आणि मग शालनचा चेहरा आठवून ती मोडते. गेला आठवडाभर हे असंच चाललंय.

इंगवले पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. जुन्या चित्रपटांचं वेड शाळेपासूनचं. गेली अकरा वर्षं ते कोल्हापुरातल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक जुना चित्रपट दाखवतात आणि मधेच थांबवून त्यावर बोलतात. लोक चित्रपटापेक्षा त्यांच्या बोलण्यासाठी येतात, हे त्यांना ठाऊक आहे. कोर्टाच्या एका चित्रपटाबद्दल ते म्हणतात, "यात सगळे रडतात, फक्त न्यायाधीश रडत नाही, म्हणून तोच एकटा नट वाटतो." एका ऐतिहासिकपटाबद्दल म्हणतात, "तलवार बघा. नायकापेक्षा तिला जास्त वाकता येतं." जुळ्या भावांच्या चित्रपटावर त्यांचं मत असं, की दोन भूमिकांत अभिनयाचा फरक जमेना, म्हणून एकाला मिशी दिली.

पण हमखास टाळ्या घेणारी जागा एकच. नदीकाठच्या गावाची गोष्ट असलेला एक कृष्णधवल चित्रपट आहे, इथंच पंचगंगेवर घेतलेला. सुरुवातीलाच पाच बाया घागरी घेऊन पाणवठ्यावरून वर येतात. चौथी बाई चालता चालता थेट कॅमेऱ्यात बघते आणि हसते. तिथं इंगवले चित्रपट थांबवायचे. "ही चौथी बाई बघा. पाणी भरायला आलीय का जत्रेत फोटो काढून घ्यायला?" हॉल हसायचा. एखाद्या महिन्यात दुसरा चित्रपट असला, तरी कुणीतरी फर्माईश करायचं, "साहेब, ती चौथी बाई दाखवा की." मग ते दाखवायचे.

तिसऱ्या रांगेत भिंतीकडच्या खुर्चीवर इंदूअक्का लोहार बसायच्या. ऐंशीच्या पुढच्या, नऊवारीतल्या, कधी न बोलणाऱ्या. एक महिना चुकवला नाही त्यांनी. श्रावणाच्या अखेरीला त्या वारल्या आणि आठ दिवसांपूर्वी त्यांची मुलगी शालन इंगवल्यांच्या दारात आली. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "साहेब, तुमी ते पाणवठ्यावर पिक्चर थांबवता न्हवं, तेवढ्या जागेचा एक फोटो काढून द्याल का? चौथी बाई म्हंजे आमची अक्का. तरणेपणीचा तिचा एक बी फोटो न्हाई आमच्याकडं. भिंतीवर लावायला पाहिजे."

इंगवल्यांच्या तोंडून कसंबसं "हो, देतो" निघालं. फोटो त्याच रात्री काढून झाला. पण तो घेऊन जायला पाय उचलत नाही.

पंखा फिरतोय. पंख्याचा आवाज हळूहळू प्रोजेक्टरचा होतो.

हॉलमध्ये कुणी नाही. खिडक्यांचे पडदे ओढलेत. तिसऱ्या रांगेत भिंतीकडच्या खुर्चीवर इंदूअक्का बसल्यात आणि मांडीवर शेंगांची पुडी घेऊन सोलतायत. त्या आता नाहीत, हे इंगवल्यांना माहीत आहे, आणि त्याचं काही वाटतही नाही. फक्त आपण पायात काही घातलेलं नाही, याची लाज वाटते.

"बसा की साहेब," अक्का म्हणतात. "आज बोलायचं न्हाई का?"

"आज तुम्ही बोला, अक्का."

"मी काय बोलू? मला पिक्चरमधलं काय कळतंय." त्या एक शेंग फोडतात. "तुमी कोर्टाचा म्हणता न्हवं, त्यात मी हुते. मागच्या बाकड्यावर. भिंत पुठ्ठ्याची हुती. वकील टेबलावर हात आपटायचा तवा भिंत हलायची. आमी चौघी तिला पाठ लावून धरायचो. आमाला तेवढ्यासाठीच बसवलेलं."

इंगवल्यांनी तो चित्रपट तीस वेळा पाहिलाय. भिंत हललेली त्यांना कधी दिसली नाही.

"आणि तो राजाचा?"

"त्यात जेवाण चांगलं हुतं," अक्का म्हणतात. "झुणका-भाकर, वर गूळ. सिंहासनात मात्र ढेकणं. राणी बसली की उठायची, बसली की उठायची. तुमी म्हणला हुता, राणीच्या डोळ्यांत केवढी बेचैनी."

इंगवल्यांना हसू येतं, मग आठवतं. ते वाक्य त्यांनी वर्तमानपत्रातही लिहिलं होतं.

"पावसाचा एक हुता. हिरवीण छत्रीत, आमी भायेर. पाणी विहिरीचं, मार्गशीर्षात. माझ्या संगतीची एक पोरगी तीन दिवस तापानं फणफणली. पण पिक्चर चांगला हाय तो. बघा तुमी परत."

खुर्च्यांच्या पायांशी वाळू आहे. इंगवले खाली बघतात तर वाळू ओली, आणि मान वर करतात तर हॉलची भिंत नाही, घाट आहे. पाण्यावर ऊन लखलखतंय. पडद्यातला राखाडी रंग सगळीकडं उतरलाय, अक्कांच्या लुगड्यावरही. अक्का आता म्हाताऱ्या नाहीत. विशी-बाविशीची एक मुलगी कमरेवर घागर घेऊन उभी आहे, आणि तरी ती अक्काच आहे.

इंगवल्यांच्याही खांद्यावर घागर आहे. भरलेली. ते बायांच्या रांगेत पाचवे उभे आहेत आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

"चला," पलीकडून कुणीतरी ओरडतं. "ए पाचवा, सरळ चाल."

रांग चढण चढते. वर गेल्यावर परत खाली. परत वर. ऊन डोक्यावर येतं. घागरीचा काठ खांद्यात रुततो. प्रत्येक वेळी काहीतरी चुकतं. कधी ढग येतो, कधी कुणाचं कुत्रं मधे येतं.

"किती वेळा?" इंगवले विचारतात.

"सकाळपासनं चौदा," अक्का पुढं बघूनच म्हणतात. "भरलेली घागर घ्या म्हणले. रिकामी घेतली की चालीत कळतंय."

पंधराव्या वेळी त्या वळून बघतात. तिथं, कॅमेऱ्याकडं. आणि हसतात. सगळं जागच्या जागी थांबतं. पाणी थांबतं, उडता बगळा थांबतो. फक्त कुठूनतरी माइकवरचा आवाज येतो, गुळगुळीत, खुशीत आलेला. "ही चौथी बाई बघा." आवाज इंगवल्यांचा आहे. पाठोपाठ हशा. तो पाण्यावरून येतो, घाटाच्या पायऱ्यांवरून येतो, थांबत नाही. इंगवल्यांना कान झाकायचेत, पण हात घागरीला आहेत.

"अक्का, तुम्ही का बघितलंत तिकडं?" ते विचारतात. अकरा वर्षांत हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता.

"कुणीतरी इंदू म्हणून हाक मारली," त्या म्हणतात. "दिवसभर 'ए चौथी, ए चौथी' चाललेलं. एकदम नाव ऐकलं. बरं वाटलं. नाव घेतल्यावर माणूस बघणारच की. ती हाक दुसऱ्या इंदूला हुती, तोंडाला रंग लावणारीला. ते मागनं कळलं."

"मला माहीत नव्हतं, अक्का."

"तुमाला कसं असंल?"

"विचारता आलं असतं. तुम्ही समोरच बसायचात."

अक्कांनी रागवावं, निदान तोंड फिरवावं असं इंगवल्यांना वाटत राहतं. त्या घागर वाळूत टेकवतात, कमरेची डबी काढतात, बोटाच्या टोकावर काजळ घेतात आणि रांगेतल्या एकेकीच्या कानामागं लावत येतात.

"कॅमेऱ्यापुढं उभं ऱ्हायचं म्हंजे हजार डोळं," त्या म्हणतात. "कुणाची नजर कशी असती, सांगता येत न्हाई. मान वळवा साहेब."

"मला नको, अक्का. मला कशाला."

"वळवा म्हणते न्हवं."

इंगवले मान वळवतात. बोट गार आहे. त्यांचे डोळे भरून येतात आणि सगळा घाट पाण्यासारखा हलायला लागतो.

पंखा बंद आहे. वीज गेलीय. बनियन घामानं अंगाला चिकटलंय आणि टिपणांचे कागद जमिनीवर पडलेत. साडेतीन वाजलेत. इंगवले उठून बसतात आणि तसेच, तोंडसुद्धा न धुता, फोन उचलतात.

"शालनताई, मी इंगवले. फोटो तयार आहे. पण देण्याआधी एक सांगायचंय." ते उभे राहतात. "मी तिथं चित्रपट थांबवायचो तो तुमच्या आईच्या कौतुकापोटी नव्हे. लोकांना हसवायला थांबवायचो. त्या समोर बसलेल्या असायच्या."

पलीकडं कुणीतरी कुकरखालचा गॅस बारीक करतं.

"ठावं हाय मला," शालन म्हणते. "मी एकदा आलते अक्कासंगं. मागं उभी हुते."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"फोटो पाहिजे हुता, साहेब."

इंगवले जमिनीवरचे टिपणांचे कागद उचलतात. मग ते म्हणतात, "आज तोच चित्रपट आहे. मी तिथं थांबवणार आहे आणि त्यांचं पूर्ण नाव सांगणार आहे. आजवर काय करत होतो, तेही सांगणार आहे. तुम्ही याल?"

"जमलं तर," शालन म्हणते आणि फोन ठेवते.

कमल चहा घेऊन येते. कप खिडकीत ठेवते आणि नवऱ्याच्या मानेकडं बघत थांबते. "कानामागं काय लागलंय हो तुमच्या?"

इंगवले हलत नाहीत. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळून हलकेच टिपते.

"काजळ आहे," ती म्हणते. "आपल्या घरात कुठलं आलं काजळ? पुसू ना सगळं?"

"नको," इंगवले म्हणतात. "राहू दे."

कमल पदराचं टोक खिडकीच्या उजेडात धरते. बोटाच्या पेराएवढा काळा डाग आहे, अजून ओला.