चिंधीतल्या गोळ्या

आईला काहीही वाया गेलेलं खपायचं नाही, औषधसुद्धा. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या की ती ताप उतरेपर्यंत खायची आणि उरलेल्या चिंधीत बांधून ठेवायची. गरम पडतात म्हणे. मग पेडगावच्या आमच्या गल्लीत कुणाला पडसं होवो, कुणाची दाढ सुजो, बायका तिच्याकडे यायच्या. ती एकेकीला दोन-दोन गोळ्या द्यायची. पडसं आपोआप बरं व्हायचं आणि श्रेय गोळीला मिळायचं. मी जिंतूरला शाळेत विज्ञान शिकवतो. पडशावर ही अँटिबायोटिक गोळी काडीचं काम करत नाही, असं सांगून सांगून घसा कोरडा पडला. पण पिकतं तिथं विकत नाही.

यंदा तिला लघवीला जळजळ सुरू झाली. तिनं चिंधी सोडली. बरं वाटलं की थांबायची, पुन्हा जळजळ झाली की दुसऱ्या रंगाची गोळी. हुडहुडी भरून ताप चढला तेव्हा कुठं मला फोन आला आणि मी तिला परभणीला दवाखान्यात नेलं.

तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी आईच्या देखतच समजावलं. औषधाची सवय आईला नाही, तिच्या अंगातल्या जंतूंना झाली होती. कमजोर मेले, चिवट वाढले. असे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात, असंही त्या म्हणाल्या. आता एकच इंजेक्शन चालण्यासारखं होतं, तेही मूत्रपिंडाला जड. हा धडा मी दरवर्षी शिकवतो. फळ्यावर तो फार सोपा दिसतो. मला संताप आला होता, आणि तो काढावा अशी समोर फक्त ती होती, सुजल्या पायांची.

इंजेक्शनं चालू असूनही ताप हटेना. लघवी कमी होत गेली. डॉक्टरीणबाई आता माझ्याशी बोलताना खाली बघायच्या. मला जे कळायचं ते कळलं होतं.

त्या संध्याकाळी आईनं मला जवळ बसवलं.

"म्या ज्यायला गोळ्या दिल्या, त्यायचं कसं रे?"

त्यांना काही होत नाही, असं मी म्हणालो. तिला ते पटलं नाही. ती बोटांवर एकेकाचं नाव घेऊ लागली. शेजारीण, तिची सून, समोरच्या घरातले म्हातारबा. मग तिनं माझ्या लेकीचं नाव घेतलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आली तेव्हा खोकत होती, म्हणाली.