रतनबाईंची घडीची सायकल

रतनबाई मिरजगावच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आल्या त्या साली, म्हणजे एकाहत्तरात, मी नगर-करमाळा गाडीवर कंडक्टर होतो. माझं नाव गोरक्ष. बाईंशी माझी ओळख भांडणातून झाली, आणि त्या भांडणात चूक माझी होती.

बाई कोपरगावकडच्या. वय तिशीचं, उंची बेताची, पण चालायला लागल्या की बरोबरच्या माणसाला पळावं लागे. त्यांच्याकडे पंधरा वस्त्या होत्या. पोरांना देवी टोचायच्या, गरोदर बायांना तपासायचं, बाळंतिणी बघायच्या. सकाळी आमच्या गाडीने एका फाट्यावर उतरायचं, आतल्या तीन-चार वस्त्या पायी करायच्या आणि दुपार कलली की भलत्याच फाट्यावर बाहेर पडून परतीची गाडी धरायची. औषधांची पेटी एका खांद्यावर, पाण्याची बाटली दुसऱ्या.

पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी लेडीज सायकल घेऊन बघितली. ती गाडीच्या टपावर चढवावी लागे. एकदा तिच्यावर कुणीतरी कांद्याची पोती टाकली आणि घोगरगावला उतरवली तेव्हा पुढचं चाक वेडंवाकडं झालेलं. मग त्यांनी चाक ठोकून चालण्यापुरतं सरळ केलं आणि सायकल फाट्यावरच्या चहाच्या टपरीत ठेवायला सुरुवात केली. पण सायकल एका फाट्यावर आणि बाई संध्याकाळी दुसऱ्या. शिवाय टपरीवाला भला माणूस, कुणी मागितली की देऊन टाकायचा. बाई यायच्या तेव्हा सायकल कुणाच्या तरी सासुरवाडीला गेलेली असायची.

शेवटी ते अर्धंवाकडं चाक घेऊन त्या नगरला झेंडीगेटजवळ फक्रुद्दीन मिस्त्रींकडे गेल्या. मिस्त्री पूर्वी लष्कराच्या वर्कशॉपात वेल्डर होते. हे सगळं मला पुढे त्यांनीच सांगितलं. मिस्त्रींनी चाक फिरवून बघितलं आणि म्हणाले, "बाई, चाक सरळ करून देतो. पन पुन्हा टपावर टाकलं तर पुन्हा येनार तुमी."

"मग टपावर न टाकता गाडीत कशी न्यायची, ते सांगा."

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "जर्मनच्या लढाईच्या वक्ताला एक सायकल आमच्याकडं दुरुस्तीला आली हुती. मधून दुमडायची. शिपाई ती पाठीवर बांधून विमानातून उडी टाकायचे म्हनं."

"मला उडी नाही टाकायची. गाडीच्या पायरीवरून उतरायचंय फक्त," बाई म्हणाल्या. "होईल?"

"हुईल."

महिनाभराने ती सायकल झाली. पोराच्या सायकलीची बुटकी चाकं, मध्ये एकच जाड नळी आणि त्या नळीच्या मधोमध बिजागरी. नळी इतकी खाली की नऊवारी नेसलेल्या बाईलाही पाय टाकून बसता यावं. सीट खाली दाबायची, हँडल वळवायचं, मधली खिट्टी काढायची, की दोन्ही चाकं एकमेकाला चिकटून उभी. बाईंनी तिला खाकी कापडाचा झोळा शिवला.

तो झोळा घेऊन त्या पहिल्यांदा माझ्या गाडीत चढल्या, तेव्हा गाडी खच्चून भरलेली. मी विचारलं, "बाई, ह्यात काय?"

"सायकल."

"सायकल टपावर जाती. आत न्हाई."

"टपावर मोठी जाते. ही ड्रायव्हरच्या मागच्या जागेत मावते. बघा तरी."

मी बघितलंच नाही. चार माणसं हसली म्हणून मला जास्त चेव आला. मी म्हणालो, "आज सायकल, उद्या कुनी बैलगाडी मोडून आनंल. उतरा." बाई उतरल्या. मी दोनदा घंटी मारली आणि गाडी निघाली.

मागच्या खिडकीतून एक म्हातारी ओरडली, "आरं, ती बघ!" बाईंनी रस्त्याच्या कडेला सायकल उलगडली होती आणि आमच्याच मागे पायडल मारत निघाल्या होत्या. त्यांना जायचं होतं ते घोगरगाव तिथून बारा किलोमीटर. त्या दिवशी त्या तेवढ्या लांब सायकलने गेल्या.

दुसऱ्या दिवशी मिरजगावच्या स्टँडवर कंट्रोलरसाहेबांच्या टेबलापुढे बाई उभ्या, शेजारी झोळा, हातात शिंप्याची फीत. "साहेब, प्रवाशाला आत केवढं सामान नेता येतं?" साहेब म्हणाले, "दुसऱ्याच्या पायात येणार नाही एवढं." बाईंनी फीत साहेबांच्या हातात दिली. त्यांनी झोळा मोजला, मग गाडीत चढून ड्रायव्हरच्या मागची जागा मोजली आणि खाली उतरून मला म्हणाले, "गोरक्ष, सामानाचं तिकीट फाड आन् बसू दे." मी तिकीट फाडलं. बाईंनी सुटे पैसे दिले आणि "आभारी आहे, मास्तर," म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. मला मात्र दिवसभर तो टोमणाच वाटत राहिला.

सायकलीनेही त्यांना एकदा दगा दिला. उतारावर खिट्टी निसटली, सायकल चालता चालता मधून दुमडली आणि बाईंचं कोपर सोलून निघालं. पट्टी बांधूनच त्या मिस्त्रींकडे गेल्या. "मिस्त्री, सायकल चांगली आहे. पण घडी कधी करायची ते मला ठरवू द्या." मिस्त्रींनी त्या दिवशी दुसरं काम हातात घेतलं नाही. बिजागरीवर सरकून बसणारं लोखंडी कडं बनवलं आणि ते हाताने आवळायचा नट बसवला. मग स्वतः सायकलवर बसून दिल्ली दरवाजापर्यंत खड्ड्याखड्ड्यांतून चकरा मारल्या. नंतर ती कधी निसटली नाही.

बहात्तरला पाऊस गेला. आमच्या भागात जिकडेतिकडे दुष्काळी कामं निघाली, पाझर तलाव, खडी फोडणं, रस्ते. माणूस वस्त्यांवर सापडेना, सगळी गावं कामावर. बाईंच्या पंधरा वस्त्यांची आता चार कामं झाली होती आणि एकेका कामावर हजार-हजार माणूस.

त्र्याहत्तरच्या मार्चातली गोष्ट. सकाळची गाडी. बाईंचं तिकीट माहीजळगावचं होतं. अलीकडच्या एका फाट्यावर एक माणूस रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा. नाव भिमाजी, तलावाच्या कामावरचा गडी. धापा टाकत म्हणाला, "मास्तर, गाडीत नर्सबाई हायेत का? तलावावर मानसं वकत्यात. जुलाब लागल्यात. बारा-तेरा जनं आडवी झाली."

बाई उठल्याच होत्या. "किती लांब?"

"तीन कोस आसंल."

मी झोळा उचलला आणि खाली उतरवला. कडं कसं आवळायचं ते रोज बघून मला पाठ झालं होतं. बाईंनी पेटी मागे बांधेपर्यंत मी सायकल उलगडून उभी केली. त्या म्हणाल्या, "मास्तर, मिरजगावला चिठ्ठी द्या. जीप आणि सलाइनच्या बाटल्या. परतीच्या गाडीने नको, समोरून येणाऱ्या पहिल्या ट्रकने." बसल्या आणि गेल्या. पायवाट ढेकळांची होती, पण बुटक्या चाकांवर त्या तोल सांभाळत वळल्या आणि बाभळींच्या आड दिसेनाशा झाल्या.

पुढचं मला भिमाजीने सांगितलं. बाई पोचल्या तेव्हा माणसं झाडाच्या तोकड्या सावलीत पडलेली. बाईंनी आधी पाण्याचं पिंप बघितलं. तळाला हिरवा गाळ. त्यांनी ते लाथेने आडवं केलं. मुकादम धावून आला, "बाई, हजार मानसाला पानी कुठनं आनू?"

"आणा कुठूनही. उकळून द्या. हे पाजलंत तर उद्या पाणी प्यायला माणसं राहणार नाहीत."

मुकादम चुळबुळला, पण बाया बाईंच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि त्याला टँकरमागे जावंच लागलं. जवळच्या मळ्यातल्या साळूबाईने विहिरीतलं पाणी उकळून दिलं. बाईंनी त्यात साखर-मीठ घातलं आणि चमच्याचमच्याने प्रत्येकाला पाजत राहिल्या. दोन तासांनी जीप आली. तोवर सगळ्यांच्या नाड्या लागत होत्या. चौघांना दवाखान्यात नेलं. कुणीही दगावलं नाही.

संध्याकाळी परतीच्या गाडीला त्याच फाट्यावर बाई उभ्या होत्या. लुगडं चिखलाने भरलेलं, झोळा पायाशी. मी झोळा आत घेतला आणि म्हणालो, "बाई, त्या दिवशी मी तुमाला उतरवलं. चुकलो."

"त्या दिवशी मी घोगरगावला तुमच्या नंतर अर्ध्या तासात पोचले होते," बाई म्हणाल्या. "तुमची गाडी फार जोरात नव्हती, मास्तर." आणि हसल्या. मीही हसलो.

त्यानंतर मिस्त्रींकडे मागण्या सुरू झाल्या. नागापूरच्या कारखान्यात जाणारे दोघे नगरच्या माळीवाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहायचे. जिन्याखाली ठेवलेली सायकल कोण नेईल याचा भरवसा नसायचा. त्यांनी घडीची घेतली, उचलून खोलीत नेली आणि खाटेखाली सरकवली. एका गुरांच्या डॉक्टरांनी घेतली. मीही घेतली, कारण माझी ड्यूटी एका गावात सुरू व्हायची आणि दुसऱ्यात संपायची. मोठ्या चाकाइतकी ती पळत नाही, चढाला जास्त पायडल मारावं लागतं, हेही खरं. पण जिथे मी, तिथे माझी सायकल. बायको रंगुबाई पहिल्यांदा तिच्यावर हसली आणि महिन्याभराने बाजारासाठी तीच मागू लागली.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात दवाखान्यात दुसरी नर्स आली, मुबारकबी. विशीची पोर, नगरची. सायकल कधी हातात धरलेली नव्हती. रतनबाईंनी रोज सकाळी शाळेच्या मैदानावर तिला शिकवायला घेतलं. चार दिवसांनी मुबारकबीचे वडील मोहियोद्दीन आले आणि मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभे राहिले. बाईंनी त्यांना पुढे बोलावलं, "भाई, मागून सीट धरा. मी दमले." त्यांनी जरा थांबून सीट धरली. दोन फेऱ्या पळाले, तिसऱ्या फेरीला हात सोडला आणि पोरगी पुढे निघून गेली.

जूनच्या पहिल्या सोमवारी मुबारकबी माझ्या गाडीत एकटीच चढली, रतनबाईंसारखाच खाकी झोळा घेऊन. मी झोळा ड्रायव्हरच्या मागे उभा केला. फाट्यावर ती उतरली, सायकल उलगडली, कडं दोनदा आवळून बघितलं. मी घंटी मारायचा थांबलो होतो. तिने मागे वळून म्हटलं, "मास्तर, गाडी काढा. मला उशीर होतोय."